ओंटॅरिओ मोटर स्पीडवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या बंद पडलेल्या ट्रॅक्सबद्दल लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते याच ट्रॅकबद्दल. जेमतेम दहा वर्षं चालला, पण त्यावरच्या गोष्टी पन्नास वर्षांच्या ट्रॅकला पुरतील एवढ्या आहेत. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, आकड्यांची भांडणं पुढे.

१. हा ट्रॅक कॅनडातल्या ओंटॅरिओत होता का?

नाही. हे ओंटॅरिओ कॅलिफोर्नियातलं, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण ४० मैलांवरचं शहर. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतातून आलेल्या जॉर्ज आणि विल्यम चॅफी या भावांनी १८८२ मध्ये ही वसाहत वसवली आणि गावाकडचं नाव दिलं. गोंधळ होण्याचं दुसरंही कारण आहे. कॅनडातल्या ओंटॅरिओत मोस्पोर्टचा रोड कोर्स (डाव्या-उजव्या वळणांचा ट्रॅक) आहे आणि २०१३ ते २०१९ या काळात नॅसकार या अमेरिकी शर्यत-संस्थेची ट्रक मालिका तिथे जात होती. त्यामुळे ‘नॅसकार ओंटॅरिओ’ असं शोधलं की दोन्हींची भेसळ समोर येते. या पानावर फक्त कॅलिफोर्नियातला ट्रॅक आहे.

२. स्टॉक कार म्हणजे नक्की कसली गाडी? फॉर्म्युला वनपेक्षा वेगळी म्हणजे किती वेगळी?

‘स्टॉक’ म्हणजे दुकानात जशी मिळते तशी. १९४०-५० च्या दशकांत खरोखरच शोरूममधली गाडी थोडी ठाकठीक करून शर्यतीत उतरवायचे. ओंटॅरिओच्या काळापर्यंत, म्हणजे १९७० च्या दशकात, आतली चौकट, सुरक्षेचा पिंजरा, इंजिन, सस्पेन्शन सगळं शर्यतीसाठीच घडवलेलं असे, पण बाहेरचं रूप मात्र बाजारातल्या फोर्डचं, शेव्हरोलेचं, डॉजचं. चाकं झाकलेली, गाडी जड, पुढे भलंमोठं व्ही-८ इंजिन. एकमेकांना घासत पुढे जाणं या शर्यतीत चालतं. उघड्या चाकांच्या इंडी कार किंवा फॉर्म्युला वन गाडीला चाकाला चाक लागलं की बहुधा खेळ संपतो.

अशा शर्यतींची मोठी संस्था म्हणजे नॅसकार. तिचा जीव अमेरिकेच्या आग्नेय भागात, कॅरोलायना, व्हर्जिनिया, फ्लोरिडा या पट्ट्यात. कॅलिफोर्निया तिच्यासाठी परगावच होतं.

३. ट्रॅक कधी सुरू झाला, कधी बंद पडला?

ऑगस्ट १९७० मध्ये दरवाजे उघडले आणि १९८० संपता संपता कायमचे बंद झाले. पहिली मोठी शर्यत ६ सप्टेंबर १९७० ची कॅलिफोर्निया ५००. नॅसकारची शेवटची शर्यत १५ नोव्हेंबर १९८० ची. पाडकाम १९८१ चं. बंद का पडला ते प्र. ११ आणि १२ मध्ये.

४. इंडियानापोलिसची हुबेहूब नक्कल होती म्हणतात. खरं आहे?

इंडियानापोलिस म्हणजे इंडी कारची प्रसिद्ध ५०० मैलांची शर्यत जिथे होते तो ट्रॅक. आराखडा त्याचाच घेतला होता हे खरं. अडीच मैलांचा, गोल न म्हणता कोपरे गोल केलेला आयत म्हणावा असा ट्रॅक. दोन लांब सरळ बाजू, दोन आखूड, चार वळणं, वळणांना जवळपास नऊ अंशांचा उतार. ‘पश्चिमेचं इंडियानापोलिस’ हे बिरुद मालकांनीच मिरवलं. लोक लाडानं ‘बिग ओ’ म्हणत.

पण नक्कल करताना सुधारणाही केल्या होत्या. ट्रॅक इंडियानापोलिसपेक्षा रुंद होता आणि दोन वळणांमधल्या आखूड बाजूंनाही उतार दिला होता. इंडियानापोलिसला त्या सपाट आहेत. त्यामुळे वळणातून वळणात जाताना गाडीचा वेग मोडत नसे. याचा परिणाम आकड्यांत दिसला. १९७२ मध्ये डॅन गर्नीच्या ईगल गाडीत बसून जेरी ग्रँटनं इथे ताशी २०१.४१४ मैल, म्हणजे जवळपास ३२४ किलोमीटर, या सरासरीनं पात्रता फेरी मारली. ताशी २०० मैलांची वेस इंडी कारनं पात्रता फेरीत ओलांडली ती इथेच. इंडियानापोलिसला तो मान नंतर मिळाला.

सोयींच्या बाबतीत ओंटॅरिओ त्या काळाच्या बरंच पुढे होतं. वेळ आणि क्रमांक मोजायला संगणक, धडक शोषून घेणाऱ्या भिंती, काचेमागे बसून शर्यत बघायचा क्लब, कंपन्यांसाठी भाड्याच्या खास खोल्या. आज स्टेडियममध्ये या गोष्टी नसल्या तर आपण नाक मुरडतो. १९७० मध्ये शर्यतीचा प्रेक्षक लाकडी फळीवर बसून धूळ खात असे.

५. एवढा पैसा कुणी घातला?

इथेच पुढच्या सगळ्या कथेचं बी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ट्रॅकची कल्पना पुढे रेटणारा माणूस डेव्हिड लॉकटन, इंडियानाचा वकील. खासगी भांडवलातून एवढा मोठा ट्रॅक बांधणं अवघड होतं, म्हणून मार्ग निघाला कर्जरोख्यांचा. शहरासाठी म्हणून एक ना-नफा महामंडळ स्थापन झालं आणि त्यानं २ कोटी ५५ लाख डॉलरचे करमुक्त रोखे विकायला काढले. व्याज साडेसात टक्के. त्या पैशातून जमीन घेतली, ट्रॅक बांधला. ट्रॅक चालवणारी कंपनी वेगळी. ती महामंडळाची भाडेकरू.

आता हिशेब बघा. साडेसात टक्क्यांनी वर्षाचं नुसतं व्याजच १९ लाख डॉलरच्या वर जातं. मुद्दल, पगार, देखभाल, बक्षिसं वेगळी. आणि कमाईचे मोठे दिवस वर्षाला चार-पाच. इंडियानापोलिसचा ट्रॅक १९०९ चा, त्याच्या डोक्यावर असलं कर्ज नव्हतं. त्यामुळे वर्षात एकच शर्यत घेऊनही तो निवांत होता. ओंटॅरिओनं आराखडा उचलला, तो निवांतपणा कुठून उचलणार?

रोख्यांना तारण होतं ते म्हणजे ट्रॅक आणि त्याखालची सुमारे ८०० एकर जमीन. हे वाक्य लक्षात ठेवून प्र. १२ वाचा.

६. पहिली शर्यत नॅसकारची होती ना? मी तसं वाचलंय.

नाही. पहिली कॅलिफोर्निया ५०० ही इंडी कार शर्यत होती. जिम मॅकेलरीथ जिंकला, ए. जे. फॉइटच्या मालकीच्या गाडीत. त्या दिवशी पावणेदोन लाखांच्या वर लोक आले होते. पहिल्याच शर्यतीला एवढी गर्दी म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, पैसा आता पावसासारखा पडणार. पुढे त्या आकड्याजवळ ही शर्यत कधी फिरकली नाही.

नॅसकार इथे पहिल्यांदा उतरली २८ फेब्रुवारी १९७१ ला. ‘स्टॉक कारचा ट्रॅक’ ही ओळख नंतरची आहे आणि माझ्या मते थोडी दिशाभूल करणारीही. ओंटॅरिओ मुळात चार निरनिराळ्या संस्थांच्या शर्यती एकाच आवारात व्हाव्यात म्हणून बांधला होता: इंडी कार, नॅसकार, ड्रॅग रेसिंग (छोट्या सरळ पट्टीवरची वेगाची शर्यत) आणि आतल्या रोड कोर्सवर फॉर्म्युला वन. ‘सगळ्यांचा’ असलेला ट्रॅक कुणाचाच घरचा होत नाही. डेटोनाला वळणांचा उतार ३१ अंशांचा आहे, तिथे स्टॉक गाड्या एकमेकींच्या पाठीला चिकटून थव्यानं पळतात. ओंटॅरिओच्या नऊ अंशांत तो थवा लवकर विस्कटायचा आणि शर्यत लांबत जायची. बघायला मजा शेवटच्या पन्नास फेऱ्यांत.

७. नॅसकारच्या किती शर्यती झाल्या? कुठे नऊ लिहितात, कुठे दहा. कोण कोण जिंकलं?

नऊ. १९७१ ते १९८० बोटांवर मोजली तर दहा वर्षं होतात, पण १९७३ मध्ये नॅसकारची शर्यत झालीच नाही, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. दुसरा घोटाळा नावाचा. पहिल्या दोन शर्यती ‘मिलर हाय लाइफ ५००’ नावानं हंगामाच्या सुरुवातीला झाल्या, तर १९७४ पासूनच्या सात ‘लॉस एंजेलिस टाइम्स ५००’ नावानं नोव्हेंबरमध्ये. काही याद्यांत फक्त नंतरच्या नावाच्या सात मोजलेल्या असतात. सगळ्या नऊ शर्यती ५०० मैलांच्या, म्हणजे २०० फेऱ्यांच्या.

१९७१ आणि १९७२ मध्ये ए. जे. फॉइट जिंकला. १९७४ ला बॉबी ॲलिसन, १९७५ ला बडी बेकर, १९७६ ला डेव्हिड पिअरसन, १९७७ ला नील बॉनेट, १९७८ ला पुन्हा बॉबी ॲलिसन, आणि १९७९ व १९८० ला बेनी पार्सन्स.

या यादीत कोण नाही ते मला जास्त गमतीचं वाटतं. रिचर्ड पेटी नाही, केल यारबरो नाही, डॅरेल वॉलट्रिप नाही, डेल अर्नहार्ट नाही. त्या दशकाच्या उत्तरार्धातलं प्रत्येक विजेतेपद, म्हणजे अख्ख्या हंगामाच्या गुणांवर ठरणारा किताब, या चौघांच्या हिशेबात फिरत होतं आणि ओंटॅरिओला एकालाही शर्यत जिंकता आली नाही. तरी दोघांनी इथेच विजेतेपद उचललं (प्र. ९ आणि १०).

८. फॉइट तर इंडी कारवाला. त्यानं नॅसकारच्या दोन्ही शर्यती कशा मारल्या? आणि १९७४ च्या विजयावर डाग आहे म्हणतात, तो कसला?

दोन प्रश्न नेहमी जोडीनंच येतात, म्हणून एकत्र.

फॉइट काहीही चालवायचा. १९७१ पर्यंत तीन वेळा इंडियानापोलिस ५०० त्याच्या नावावर होती. ओंटॅरिओत त्याला गाडी मिळाली ती वुड ब्रदर्सची मर्क्युरी. वुड बंधू म्हणजे व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट गावचं घराणं. पिट थांब्यात चाकं बदलायचं आणि इंधन भरायचं काम जलद कसं करायचं हे अख्ख्या खेळाला त्यांनी शिकवलं. त्यात ट्रॅक इंडियानापोलिसच्या घडणीचा, म्हणजे फॉइटच्या हातातला. १९७१ ला सुरुवातीला ५१ गाड्या उभ्या होत्या. नॅसकारच्या आजच्या मर्यादेपेक्षा दहाहून जास्त. त्या गर्दीतून वाट काढत तो जिंकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

१९७४ चा किस्सा वेगळा. बॉबी ॲलिसन रॉजर पेन्स्कीच्या एएमसी मॅटॅडोरमध्ये जिंकला. शर्यतीनंतर इंजिन उघडलं तेव्हा आत रोलर टॅपेट सापडले. कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारा हा भाग. नियमाप्रमाणे तो सपाट तळाचा हवा होता, रोलर लावला की घर्षण कमी होतं. म्हणजे गाडी बेकायदा. तरी विजय काढून घेतला नाही, ९,१०० डॉलर दंड लावला. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटतं, पण त्या काळी नॅसकारचं धोरण साधं होतं: स्टँडमधून घरी जाताना प्रेक्षकाला जो जिंकलेला दिसला तोच विजेता. हे धोरण मला पटत नाही. दंड भरून पहिला क्रमांक विकत मिळत असेल तर तपासणी कशाला? पण ॲलिसनच्या बाजूनंही बोललं पाहिजे. तो चार वर्षांनी बड मूरच्या फोर्डमध्ये इथेच पुन्हा जिंकला.

९. १९७९ चं विजेतेपद ११ गुणांनी ठरलं. वॉलट्रिप पुढे असताना पेटी कसा जिंकला?

हंगामाच्या मधल्या टप्प्यात वॉलट्रिप दोनशेहून जास्त गुणांनी पुढे होता. मग वॉलट्रिपची घसरण सुरू झाली की पेटीची चढण, हे कुणाच्या चाहत्याला विचारता त्यावर आहे. पेटी तेव्हा ४२ वर्षांचा. आदल्या हिवाळ्यात अल्सरसाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं बजावलेलं. त्यानं त्याच वर्षी डेटोना ५०० जिंकली.

१८ नोव्हेंबर १९७९ ला ओंटॅरिओत गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा वॉलट्रिप २ गुणांनी पुढे होता. शर्यतीच्या पहिल्या टप्प्यातच समोर एक गाडी गरगरली, तिला चुकवताना वॉलट्रिपची गाडीही फिरली आणि तो एक फेरी मागे पडला. ती फेरी काही भरून निघाली नाही.

शेवटी पेटी पाचवा, वॉलट्रिप आठवा. त्या वेळच्या गुणपद्धतीत पाचव्याला १५५ आणि आठव्याला १४२. फरक १३. त्यातून वॉलट्रिपची २ ची आघाडी वजा केली की उरतात ११. पेटीचं हे सातवं विजेतेपद आणि शेवटचंही. त्या दिवशी शर्यत जिंकलेल्या बेनी पार्सन्सचं नाव मात्र फार कुणाला आठवत नाही. पुढच्या वर्षी त्याची पुन्हा तीच गत झाली.

१०. आणि १९८० चं? अर्नहार्टचं पहिलं विजेतेपद इथलंच ना?

हो. डेल अर्नहार्ट १९७९ चा सर्वोत्तम नवोदित होता आणि लगेच पुढच्या वर्षी विजेता. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत सलग दोन वर्षांत हे दोन्ही मान मिळवणारा दुसरा कुणी नाही. त्याच्या गाडीचा मालक रॉड ऑस्टरलंड कॅलिफोर्नियाचा बांधकाम व्यावसायिक, म्हणजे शेवटची शर्यत त्याच्या अंगणात. आणि क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या संघाचा प्रमुख, डग रिचर्ट अवघा २० वर्षांचा.

ओंटॅरिओला येताना अर्नहार्ट केल यारबरोपेक्षा २९ गुणांनी पुढे होता. सांभाळून चालवलं असतं तरी भागलं असतं, पण सांभाळून चालवणं हा अर्नहार्टचा स्वभावच नव्हता. शेवटच्या पिट थांब्यात काम पुरतं व्हायच्या आत त्यानं गाडी सोडली. जॅक उडाला आणि मागच्या चाकाचे सगळे नट बसलेलेच नव्हते. अख्खं वर्ष त्या दोन-तीन नटांवर लटकलेलं. एवढं होऊन तो पाचवा आला, यारबरो तिसरा. तिसऱ्याला १६५, पाचव्याला १५५. २९ मधून १० गेले, १९ गुणांनी विजेतेपद.

आणि ही त्या ट्रॅकवरची नॅसकारची शेवटची शर्यत. पेटीचं शेवटचं विजेतेपद आणि अर्नहार्टचं पहिलं, लागोपाठच्या दोन नोव्हेंबरमध्ये, एकाच ट्रॅकवर. पुढे अर्नहार्टनंही सातच जिंकली.

११. एवढ्या चांगल्या शर्यती होत असताना ट्रॅक बंद का पडला? प्रेक्षक येत नव्हते का?

पहिल्या वर्षासारखे येत नव्हते हे खरं. कारणं बरीच. लॉस एंजेलिससारख्या शहरात रविवारी माणसाला समुद्र आहे, बेसबॉल आहे, नोव्हेंबरमध्ये फुटबॉल आहे. नॅसकारचा हंगाम कॅलिफोर्नियातच जानेवारीत रिव्हरसाइडला सुरू व्हायचा आणि नोव्हेंबरमध्ये ओंटॅरिओला संपायचा, म्हणजे शेजारी शेजारी दोन दुकानं. दीड-दोन लाख लोकांच्या हिशेबानं बांधलेल्या स्टँडमध्ये बऱ्यापैकी गर्दीही विरळ दिसते. ट्रॅक चालवणारी मंडळीही पहिल्या काही वर्षांतच बदलली.

पण एवढ्यानं ट्रॅक पाडत नाहीत. तोट्यातले कितीतरी ट्रॅक अमेरिकेत वर्षानुवर्षं रखडत चालतात, विकले जातात, पुन्हा उघडतात. ओंटॅरिओच्या बाबतीत प्रेक्षकांची संख्या ही गोष्टीची अर्धीच बाजू. उरलेली अर्धी खाली.

१२. शेव्हरॉननं ट्रॅक विकत घेऊन पाडला, हे खरं का? पेट्रोल कंपनीला शर्यती नकोशा का वाटाव्यात?

शेव्हरॉनच्या जमिनी बघणाऱ्या उपकंपनीनं, शेव्हरॉन लँड कंपनीनं. शर्यतींशी तिचं ना प्रेम ना वैर. तिला जमीन हवी होती.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ही जमीन घेतली तेव्हा सरासरी भाव एकरी ७,५०० डॉलर होता. आजूबाजूला द्राक्षमळे आणि मोकळी रानं. मग लॉस एंजेलिस पूर्वेकडे पसरत गेलं. शेजारीच विमानतळ, लागूनच आंतरराज्य महामार्ग १०, जवळून जाणारा १५. १९८० पर्यंत भाव एकरी दीड लाख डॉलरवर गेला. आठशे एकर गुणिले दीड लाख, म्हणजे १२ कोटी डॉलर.

दुसऱ्या बाजूला, रोख्यांची बाजारातली पत घसरलेली. दर्शनी किंमत २ कोटी ५५ लाख असली तरी रडतखडत चालणाऱ्या ट्रॅकचे रोखे कोण त्या भावात घेणार? सुमारे १ कोटी डॉलरमध्ये ते गोळा करता येत होते. आणि तारण काय, तर तीच जमीन. ज्याच्या हातात रोखे, त्याच्या हातात जमिनीची किल्ली. आवळा देऊन कोहळा काढणं याला म्हणतात. स्टँड, बोगदे, काँक्रीट पाडायला साधारण ३० लाख डॉलर लागले, तेही त्या हिशेबात किरकोळ.

यात बेकायदा काही नव्हतं. कुणी लबाडी केली असं वाचकांना वाटतं, त्यावर रागाची पत्रं येतात, पण कागद १९६८ च्या सुमारासच असे लिहिले गेले होते की जमीन महागली की हे होणारच. ट्रॅकला दहा वर्षांत शहाणा मालक मिळाला असता आणि कर्ज निम्मं झालं असतं तर कदाचित तरला असता. मला तरीही शंका आहे. एकरी दीड लाखाच्या जमिनीवर वर्षातून पाच दिवस गाड्या पळवणं कुठल्याच मालकाला फार काळ परवडलं नसतं.

१३. इथे फॉर्म्युला वन झाली होती का? विजेत्यांच्या अधिकृत यादीत नाव सापडत नाही.

कारण ती विश्वविजेतेपदात धरलेली शर्यत नव्हती. २८ मार्च १९७१ ला क्वेस्टर ग्रां प्री झाली, मैदानाच्या आतल्या ३.१९४ मैलांच्या, वीस वळणांच्या रोड कोर्सवर. एका बाजूला फॉर्म्युला वनचे संघ, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या मोठ्या इंजिनांच्या फॉर्म्युला ५००० गाड्या. मारिओ आंद्रेत्ती फेरारीमध्ये जिंकला, जॅकी स्टुअर्ट दुसरा. तीनच आठवडे आधी आंद्रेत्तीनं दक्षिण आफ्रिकेत आपली पहिली ग्रां प्री जिंकली होती. पुढे विश्वविजेतेपदाची शर्यत काही ओंटॅरिओच्या वाट्याला आली नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाला फॉर्म्युला वन मिळाली ती १९७६ ला, लाँग बीचच्या रस्त्यांवर.

१४. ईव्हल कनीव्हलची उडी आणि ड्रॅग रेसिंगचा विक्रम याच ट्रॅकवरचा का?

दोन्ही इथलेच. फेब्रुवारी १९७१ मध्ये मोटरसायकलवरून उड्या मारणाऱ्या कनीव्हलनं हार्ले-डेव्हिडसनवरून १९ गाड्या ओलांडल्या. आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये डॉन गार्लिट्सनं पाव मैलाच्या पट्टीवर ५.६३ सेकंदांत ताशी २५०.६९ मैलांचा, म्हणजे ४०३ किलोमीटरचा वेग गाठला. ड्रॅग रेसिंगचे लोक ओंटॅरिओचं नाव काढलं की नॅसकारबद्दल बोलतच नाहीत, या एका धावेबद्दल बोलतात. तो आकडा मोडायला बरीच वर्षं गेली.

१५. वडील म्हणतात तिथे रॉक संगीताचा कार्यक्रम झाला होता. तो हाच ट्रॅक?

हाच. ६ एप्रिल १९७४ चा कॅलिफोर्निया जॅम. डीप पर्पल, इमर्सन लेक अँड पामर, ब्लॅक सबाथ, ईगल्स आणि इतर, दोन लाखांवर श्रोते. डीप पर्पलच्या रिची ब्लॅकमोरनं रंगमंचाच्या कडेला फार जवळ आलेल्या टीव्ही कॅमेऱ्यात गिटार खुपसली आणि नंतर ॲम्प्लिफायरला आग लावण्याचा खेळ एवढा भडकला की स्फोटानं माणसं दचकून मागे पडली. चित्रण उपलब्ध आहे, बघा. मार्च १९७८ ला दुसरा कॅलिफोर्निया जॅम झाला, त्याला गर्दी आणखी जास्त. नॅसकारच्या कुठल्याही शर्यतीपेक्षा गिटारवाल्यांनी हा ट्रॅक जास्त भरला, हे शर्यतप्रेमींना आवडत नाही, पण तसंच आहे.

१६. फोंटाना, रिव्हरसाइड, ओंटॅरिओ: हे एकच का? एकाच्या जागी दुसरा बांधला का?

तीन वेगळे ट्रॅक, एकाच परिसरातले. रिव्हरसाइड हा १९५७ चा रोड कोर्स, १९८९ ला बंद, त्या जागी आता मोरेनो व्हॅलीतला मॉल. फोंटानाचा दोन मैलांचा ट्रॅक रॉजर पेन्स्कीनं (प्र. ८ मधल्या मॅटॅडोरचा मालक तोच) कैसर पोलाद कारखान्याच्या जागेवर बांधला, १९९७ ला उघडला. ओंटॅरिओपासून तो काही मैलांवर, म्हणजे ज्या भागानं एक ट्रॅक गमावला त्याच भागाला सतरा वर्षांनी दुसरा मिळाला. तिथली शेवटची नॅसकार शर्यत फेब्रुवारी २०२३ ची, काइल बुश जिंकला. मग बहुतेक जमीन गोदामांसाठी विकली गेली. कारण पुन्हा तेच.

१७. १९७७ च्या शर्यतीला डॉजचे चाहते एवढं का धरून बसतात?

नील बॉनेट त्या दिवशी डॉजमध्ये जिंकला आणि त्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत डॉजला पुढचा विजय मिळायला ऑगस्ट २००१ उजाडला. मिशिगनला स्टर्लिंग मार्लिननं तो मिळवला. मधली काही वर्षं डॉज या खेळातच नव्हती.

१८. आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. आता जाऊन काही बघायला मिळतं का?

ट्रॅकचा तुकडा, स्टँडचा खांब असं काही नाही. महामार्ग १० वरून हेवन ॲव्हेन्यूला उतरा. हेवन आणि मिलिकेन या दोन रस्त्यांच्या मधला, महामार्गाच्या उत्तरेचा फोर्थ स्ट्रीटपर्यंतचा भाग म्हणजे जुना स्पीडवे. पाडल्यानंतर काही वर्षं तो नुसताच ओसाड होता, मग हिल्टन हॉटेल उभं राहिलं, तेही चौथ्या वळणाच्या जागी. २००८ ला तिथेच मोठं बंदिस्त क्रीडागृह उघडलं, आता त्याला टोयोटा अरेना म्हणतात. बाकी कार्यालयं, दुकानं, घरं.

रस्त्यांच्या पाट्या मात्र वाचत जा. पोर्शे वे, फेरारी लेन, मर्सिडीज लेन, जॅग्वार वे, ड्यूसेनबर्ग ड्राइव्ह. कुणीतरी जुन्या ट्रॅकची आठवण ठेवली म्हणायची. फक्त नावं निवडणाऱ्याला नॅसकार फारशी माहीत नसावी, कारण इथे जिंकलेल्या मर्क्युरी, फोर्ड, डॉज, शेव्हरोले आणि मॅटॅडोर यांतलं एकही नाव त्या पाट्यांत माझ्या तरी पाहण्यात नाही. मोठा ‘ओंटॅरिओ मिल्स’ मॉल ट्रॅकच्या जागी आहे असं बरेच जण सांगतात. तो मिलिकेनच्या पलीकडे, पूर्वेला आहे.